मालिकेतला समलिंगी मुलगा: घरी कळतं त्या भागाच्या आधी आणि नंतर

तुमचा प्रश्न मी असा समजले: तुम्ही एका मराठी दैनंदिन मालिकेची कथा मांडताय. सांगलीतलं किराणा दुकानदाराचं घर, तीन भावंडं, धाकटा निखिल पुण्यात नोकरीला आणि समलिंगी. तिसाव्या भागात घरी कळतं, वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो आणि तिथून पुढे गोष्ट वेग घेते. वाहिनीकडून विचारणा झाली की घरोघरच्या प्रेक्षकांना हे झेपेल का. मित्र म्हणतात, बटबटीत होतंय. आणि तुम्ही विचारलंय की प्रेक्षक न दुखावता आणि खोटं न लिहिता हे कसं करायचं.

मी अठरा वर्षं मालिकांचे संवाद लिहिते, त्यातली काही वर्षं पटकथाही. या विषयावर एकदा सपशेल फसले आहे आणि एकदा बऱ्यापैकी जमलं आहे. दोन्ही सांगते.

आधी एक गोष्ट. प्रेक्षकांना झेपेल का, हा तुमचा खरा प्रश्न नाही. त्याचं उत्तर हिंदीत कधीच मिळालेलं आहे. २०१० साली स्टार प्लसवर 'मर्यादा: लेकिन कब तक?' आली, त्यात घरातला लग्न झालेला मुलगा समलिंगी होता. २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षं कलर्सवर 'शक्ती: अस्तित्व के एहसास की' चालली, तिची नायिका सौम्या किन्नर होती, आणि ती मालिका ऐन प्राइम टाइममध्ये, सासू-सुना एकत्र बसून बघतात त्या वेळेला होती. त्या मालिकांच्या मांडणीबद्दल माझे आक्षेप आहेत, पण लोकांनी रिमोट उचलून चॅनेल बदललं नाही, एवढं नक्की. वाहिनीच्या बैठकीत हे जरूर सांगा.

तुमचा खरा प्रश्न असा आहे: तिसाव्या भागापर्यंत निखिल घरात काय करत असतो? आणि एकशे तिसाव्या भागात काय करत असेल? तुमच्या मांडणीत मला या दोन्हींचं उत्तर सापडलं नाही. निखिल पहिल्या भागात गाडीतून उतरतो, आईच्या पाया पडतो, आणि मग थेट तिसाव्या भागात त्याचा फोन ताईच्या हाती लागतो. मधले अठ्ठावीस भाग तो कुठे आहे?

मी फसले ती गोष्ट हीच. एका मालिकेत नायिकेचा दीर समलिंगी दाखवायचं ठरलं. तीन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, मंजूर झाला, प्रोमो कापला, प्रोमोत त्याच्या चेहऱ्यावर अर्धी सावली आणि खाली मोठं प्रश्नचिन्ह. पहिले दोन गुरुवार, म्हणजे आकडे येतात त्या दिवशी, रेटिंग खाली आलं आणि अकराव्या भागाला आम्ही त्या मुलाला नोकरीसाठी बंगळुरूला पाठवून दिलं. तो परत आलाच नाही. त्याचं नावही पुढे कोणी घेतलं नाही, गणपतीच्या भागात सगळं घर जमलं तरी आईला त्याची आठवण झाली नाही. त्या भागाचे संवाद मीच लिहिले होते. आईच्या तोंडी एक ओळ घालायला हवी होती, ती मी घातली नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा सगळे म्हणाले, बघा, विषय चालला नाही. काही महिन्यांनी मी जुने भाग काढून बसले आणि मोजलं. कळायच्या आधी त्या दिराचे एकूण नऊ सीन होते. त्यातल्या सात सीनमध्ये तो कुटुंबाच्या रांगेत मागे उभा राहून नुसता 'लुक' देत होता. प्रेक्षकांना तो माणूस म्हणून माहीतच नव्हता. त्यांनी विषय नाकारला असं मी म्हणणार नाही. एका अनोळखी मुलाचं दुःख रोज बघायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. तेव्हाची कथाविस्तार करणारी मैत्रीण आणि मी हट्टाला पेटलो की या मुलाला घरात एक रोजचं काम हवं. पुष्कळ डोकं खाजवून एक साधं काम सापडलं: आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं आणि तिच्या डोळ्यांत ड्रॉप्स हा नातू घालतो. सकाळ, संध्याकाळ. आजी डोळे गच्च मिटते, तो म्हणतो, 'आजी, वर बघ, पंख्याला किती पाती आहेत सांग.' आजी दर वेळी म्हणते, 'चार.' पंख्याला पाती तीनच. बस, एवढंच. दर चार-पाच भागांत एकदा, वीस-पंचवीस सेकंद. कधी त्या वेळी मागे भांडण चालू असायचं, कधी आजी त्याला कानात घरातली बातमी द्यायची. साठ-पासष्ट भाग असे गेले. मग घरी कळलं, वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं, आणि त्या रात्री वाहिनीच्या पानावर प्रतिक्रियांची रांग लागली. शिव्या देणारेही होते, नव्हते असं नाही. पण पुन्हा पुन्हा एक प्रश्न येत होता: 'आता आजीचे ड्रॉप्स कोण घालणार?'

दैनंदिन मालिकेची ताकद ती हीच. सिनेमाकडे दोन तास असतात, आपल्याकडे वर्ष-दीड वर्ष असतं, आठवड्याचे सहा दिवस, जेवणाच्या वेळेला. माणूस सवयीने घरचा होतो. ब्रिटनमध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाची मालिका १९६० पासून चालू आहे. १९९८ मध्ये त्यात हेली ही पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, स्त्री आली आणि २०१४ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, राहिली. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करायची, रॉय नावाच्या कॅफेवाल्याशी तिचं जुळलं. १९९९ मध्ये त्यांना नुसता आशीर्वादाचा समारंभ करता आला, कारण कायदा तिला स्त्री मानत नव्हता. २००४ मध्ये तिकडे कायदा बदलला आणि २०१० मध्ये मालिकेत त्यांचं रीतसर लग्न लागलं. एखादं पात्र कायदा बदलेपर्यंत मालिकेत थांबू शकतं, ही सोय दुसऱ्या कुठल्या माध्यमाकडे आहे? ती भूमिका पारलिंगी नसलेल्या अभिनेत्रीने केली होती, हा दोष आज आपल्याला दिसतो आणि तो मान्य करायला हवा. पण सोळा वर्षं रोजच्या जगण्यात ठेवणं, हे आपण शिकण्यासारखं आहे.

आता तुमच्या तिसाव्या भागाकडे येते. वडिलांना झटका देऊ नका. वैद्यकीयदृष्ट्या अशक्य आहे म्हणून नव्हे. झटका आला की गोष्ट निखिलची राहत नाही, वडिलांची होते. निखिल गुन्हेगार ठरतो, सगळे त्याच्याकडे 'हे तुझ्यामुळे' अशा नजरेने बघतात, आणि पुढचे वीस भाग तो फक्त माफी मागत राहतो. नकळत मालिकाच त्याच्यावर आरोप ठेवते.

आणि फोन हाती लागणं, चिठ्ठी सापडणं, दाराआडून ऐकणं हेही शक्य तितकं टाळा. आपल्या घरांमध्ये बहुतेक वेळा 'कळत' नाही, माहीत असतं आणि बोललं जात नाही. ते न बोलणं लिहिणं हेच आपलं काम. मी एक प्रसंग केळवणाचा लिहिला होता, तो सांगते, कारण त्याची दोन रूपं माझ्याकडे आहेत.

चुलत बहिणीचं केळवण. पंगत बसली आहे. आत्या मुलाला म्हणते, 'पुढचं केळवण तुझंच हो.' पहिल्या खर्ड्यात मी पुढे असं लिहिलं होतं: मुलगा हात धुऊन उठतो, म्हणतो, 'आत्या, माझं लग्न कधीच होणार नाही, कारण मी वेगळा आहे.' वीज कडाडल्यासारखं संगीत, सहा चेहऱ्यांचे सहा क्लोजअप. क्रिएटिव्ह टीमला फार आवडलं.

दुसऱ्या खर्ड्यात आत्या तेच म्हणते. मुलगा भाताचा गोळा मोडत राहतो. आई वाढत असते. ती त्याच्या ताटात वरण वाढते. त्याने नको म्हणून हात आडवा धरलेला असतो, तरी वाढते, आणि वरण त्याच्या बोटांवरून ओघळतं. आई म्हणते, 'वन्सं, तुमच्या पानात मीठ वाढलंय का?' संपला सीन. संवाद दोनच. पण आईला माहीत आहे, तिला माहीत आहे हे मुलाला आता कळलं आहे, आणि आत्याला काहीच कळलेलं नाही. पुढचे दहा भाग तुम्हाला त्या वरणाच्या वाटीतून मिळतात. ती आई एकटीने हे किती वर्षं धरून आहे? तिने देवाला काय काय बोललंय? ती मुलाला वाचवत होती की स्वतःला? असे प्रश्न पडले की लेखकाला काम मिळतं.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. संध्याकाळी सातचा स्लॉट असेल तर आजी-नातवंडं सोबत बघतात, तिथे शारीर जवळीक फार दाखवता येणार नाही, मग नायक-नायिकेचीही तेवढीच दाखवा, म्हणजे वेगळा न्याय लागणार नाही. साडेदहाच्या स्लॉटला जरा मोकळीक असते. ओटीटीवर वयोगटाचं वर्गीकरण असतं, तिथे वेगळं लिहाल. बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, किती आहे यावरही अवलंबून आहे. पंधरा भाग आधी चित्रित झालेले असतील तर एका गुरुवारच्या आकड्याने ट्रॅक लगेच मोडता येत नाही, आणि अशा ट्रॅकला ती मुदत फार गरजेची असते. शक्य असेल तर ईपीशी, म्हणजे कार्यकारी निर्मात्याशी, आधीच बोलून ठेवा की हा ट्रॅक बँक भरल्याशिवाय ऑन एअर जाणार नाही.

वडील मुलाला डॉक्टरकडे नेतात असं तुम्ही लिहिलंय. नेऊ देत, खऱ्या आयुष्यात नेतात. पण तो डॉक्टर 'हा आजार बरा होतो' म्हणणार असेल तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून, शक्यतो दुसऱ्या डॉक्टरच्याच तोंडून, ते खोडून काढा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा कन्व्हर्जन थेरपीला डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. गावातल्या एखाद्या बापाला ही माहिती मालिकेतूनच मिळेल, म्हणून ती चुकता कामा नये.

कायद्याचंही तसंच. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं. त्यामुळे 'पोलिसांत देईन' अशी धमकी मामाच्या तोंडी असेल तर ती पोकळ आहे हे कुणीतरी बोलून दाखवायला हवं. दुसरीकडे, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. याचा तुमच्या गोष्टीवर थेट परिणाम होतो. आपली सगळी रचना लग्नाकडे धावते: साखरपुडा, हळद, महाएपिसोड. निखिल आणि त्याच्या जोडीदाराला ते टोक नाही. मग त्यांच्या गोष्टीला आधार कशाचा?

कागदपत्रांचा. खरंच सांगते, यात नाट्य भरपूर आहे. रुग्णालयात भरतीच्या फॉर्मवर 'नातं' या रकान्यात काय लिहायचं? सोसायटीत दोन 'बॅचलर' मुलांना भाड्याने घर देताना सेक्रेटरी काय काय विचारतो? २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं आणि रेशनकार्डासाठी ते एका घरातले धरले जावेत. आता कल्पना करा: निखिलचे वडील किराणा दुकानदार. त्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या उधारीच्या वह्यांत गेलंय, कोण कुणाच्या घरातलं हे त्यांना खात्यावरून कळतं. त्यांच्या हाती एक दिवस मुलाचं पासबुक पडलं आणि त्यावर दुसऱ्या पुरुषाचं नाव दिसलं तर? हा माणूस झटक्याने कोसळणार नाही. तो ते पासबुक दोनदा वाचेल, चष्मा पुसेल आणि गल्ल्यात ठेवून देईल. तुमचा तिसावा भाग मला तिथे दिसतो.

भाषेबद्दल. निखिलची आई 'समलैंगिक' हा शब्द वापरणार नाही. ती 'तसा' म्हणेल, 'त्याचं ते' म्हणेल, किंवा वाक्य अर्धं सोडेल. तिचं अर्धं वाक्य तसंच राहू द्या. नीट शब्द, म्हणजे समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी, हे ज्या पात्राला माहीत असणं शक्य आहे त्यालाच द्या, आणि एकाच अर्थाने वापरू नका. तृतीयपंथी समाज आणि समलिंगी पुरुष यांची गल्लत मालिकांमध्ये वारंवार होते. शिवीसारखे वापरले जाणारे शब्द खलपात्राच्या तोंडी येतील, पण त्यावर हशा पिकेल असं संगीत लावू देऊ नका. एडिटिंगच्या वेळी स्वतः जाऊन बसा. मी लिहिलेल्या गंभीर सीनवर ढोलकीचा 'टणण्' लावलेला मी टीव्हीवर बघितला आहे.

या टणणचं मूळ कुठे आहे याचा विचार मी बरीच वर्षं करते आहे. साडी नेसलेला पुरुष आपल्याला नवा नाही. बालगंधर्वांच्या शालूची आणि चालण्याची नक्कल घरंदाज बायका करत होत्या, आणि त्यात कुणाला हसू येत नव्हतं. तमाशात नाच्या आहे, यल्लम्माचे जोगते आहेत. 'जोगवा' या २००९ च्या चित्रपटात उपेंद्र लिमये यांनी जोगत्याची भूमिका केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे मराठी प्रेक्षकाला हे गंभीरपणे बघता येतं. मग छोट्या पडद्यावर बायकी चालीचा पुरुष आला की हसायचंच, हे आपण कधी ठरवलं? मला वाटतं, बाईपणच आपण कमी लेखतो, म्हणून पुरुषाने ते घेतलं की तो खाली उतरला असं वाटतं. ज्या मालिकेत बायका फक्त चहा करतात, कट करतात आणि सोसतात, त्या मालिकेत निखिल चांगला लिहिला जाणार नाही. तुमच्या मांडणीत निखिलच्या ताईला स्वतःचं काहीच काम नाही. तिला दुकानाचा हिशेब बघू द्या. निखिलचाही फायदा होईल.

आणि मुली? तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण त्या सगळ्यात जास्त गायब आहेत. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी त्यात सुमित्रा ऊर्फ मित्रा होत्या. एका कॉलेजातल्या मुलीचं मुलीवर प्रेम, मराठीत, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी. पुढे मालिकांनी तो धागा फारसा उचलला नाही. दोन मुली एकत्र राहिल्या तर आपण त्यांना 'मैत्रिणी' म्हणतो आणि प्रश्न मिटतो. मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. त्या नाटकाला, त्या काळाला तो शेवट शोभतो. पण आजच्या मालिकेत असं पात्र मारून टाकणं म्हणजे बहुतेक वेळा लेखकाला पुढचं सुचलं नाही म्हणून केलेली सुटका असते. मरण हवंच असेल तर ते दुसऱ्या कुणाचं असू द्या, आणि तुमचं पात्र त्या मरणानंतर घरात वावरताना दाखवा. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटात नेमकं हे आहे: वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा, आणि तिथेच भेटणारा जुना मित्र. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. सुतक, पाहुणे, 'आता याचं लग्न उरकून टाका' हा आग्रह, सगळं आपल्याच घरातलं. विषय परका आहे असं वाहिनीत कुणी म्हणालं तर हे उदाहरण द्या.

कलाकार निवडीत तुमचा शब्द किती चालेल, मला माहीत आहे: फारसा नाही. तरी पारलिंगी पात्र असेल तर पारलिंगी कलाकाराची ऑडिशन तरी घ्या असा आग्रह धरा. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात, २०२३ मध्ये, मेहेरची भूमिका त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू यांनी केली, तेव्हा 'असे कलाकार मिळत नाहीत' हे कारण आता पुरत नाही. आणि वन-लाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, तयार झाली की ती अशा दोन-तीन माणसांना वाचायला द्या ज्यांचं हे आयुष्य आहे. मुंबई-पुण्यात संस्था आहेत, त्यांच्यामार्फत भेटा. वाचण्याचे पैसे द्या, निर्मात्याच्या बजेटमध्ये ती रक्कम मागून घ्या. फुकट सल्ला मागितला की लोक सभ्यपणे 'छान आहे' म्हणतात. मला पंख्याच्या पात्यांचा सीन असाच मिळाला. त्या मुलाने स्वतःच्या आजीबद्दल सांगितलं होतं, आणि आधी म्हणाला होता, 'ताई, तुम्ही सगळे मला तो दिवस विचारता. बाकीच्या दिवसांचं कोणी विचारत नाही.'

तेव्हा आत्ता लगेच एवढं करा. तिसावा भाग बाजूला ठेवा. निखिलला दुकानात एक काम द्या, जे तोच करतो आणि तो नसला की अडतं. शनिवारी पुण्याहून आला की उधारीची वही तो नीट लावतो, म्हणा, किंवा वडिलांच्या गुडघ्याला तेल लावतो. मग एकशे चाळीसाव्या भागातली दिवाळी लिहून बघा. पहाटेचा फराळ, निखिल आला आहे, त्याच्याबरोबर तो दुसरा मुलगाही दारात उभा आहे. घरात पाच पाट मांडलेले आहेत. सहावा पाट कोण आणतं? आई आणेल हे सोपं उत्तर आहे, ते घेऊ नका. वडील आणतील हे त्याहून सोपं. ते एकदा पक्कं ठरलं की पहिला भाग लिहायला घ्या.